नंबरावर जगणारी यंत्रे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, इंडियाना, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत साठी ओलांडलेले हजारो छोटे ट्रॅक्टर आजही कामाला जुंपलेले दिसतात. उन्हाळ्यात ते गवत कापतात, वसंतात परसातला भाजीचा तुकडा नांगरतात आणि हिवाळ्यात दारातला बर्फ बाजूला सारतात. त्यांतले कित्येक बनवणाऱ्या कंपन्या केव्हाच विकल्या गेल्या, काहींची तर नावेही पुसली गेली. तरीही त्यांचे पॉइंट, पिस्टन, बेअरिंग, बेल्ट मिळतात, आणि साधे पाने व थोडा धीर असलेला माणूस ते घरच्या शेडमध्ये बसवू शकतो.

हे योगायोगाने घडलेले नाही. या यंत्रांच्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या भागाला एकतर नंबर आहे किंवा कुणालाही घेता येईल असे माप आहे, आणि दोन्ही गोष्टी मालकापासून लपवलेल्या नाहीत. जुना गार्डन ट्रॅक्टर दुरुस्त करण्याची विद्या म्हणजे मुख्यतः हे नंबर आणि मापे वाचण्याची विद्या. ती शिकून घेतली, तर आपल्याकडची कितीतरी जुनी यंत्रेही भंगारात जाण्यापासून वाचतील.

घरामागच्या जमिनीसाठी ट्रॅक्टर

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत शहरांच्या कडेने घरांच्या नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. अनेक घरांभोवती अर्धा-एक एकर, म्हणजे वीस ते चाळीस गुंठे जमीन असे. एवढ्या जमिनीला शेतीचा ट्रॅक्टर फार मोठा आणि हाताने ढकलायचे यंत्र फार लहान. ही गरज इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावच्या एल्मर पाँड आणि सेसिल पाँड या बापलेकांनी हेरली. १९४६ साली त्यांनी सुरू केलेल्या कारखान्यातून पुढे 'व्हील हॉर्स' हे नाव घरोघरी पोचले. १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या बलाढ्य कंपनीने केंटकी राज्यातल्या लुइव्हिल इथून 'कब कॅडेट' बाजारात आणला. त्याच्या पहिल्याच मॉडेलचे सुमारे ६५ हजार ट्रॅक्टर तीनेक वर्षांत खपले. १९६३ साली जॉन डीअर कंपनीने विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून '११०' हे मॉडेल काढले. बोलेन्स आणि सिम्प्लिसिटी या दोन कंपन्या तर विस्कॉन्सिनच्या पोर्ट वॉशिंग्टन या एकाच गावच्या.

या कहाणीचा एक धागा थेट मुंबईला येऊन मिळतो. कब कॅडेट बनवणाऱ्या याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६३ साली महिंद्र अँड महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासोबत 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' काढली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांच्या घरातला पहिला ट्रॅक्टर ठरला. आजही काही गावांत तो पाण्याचा टँकर ओढताना किंवा ट्रॉली खेचताना दिसतो.

आज बागेत वापरले जाणारे हलके, पत्र्याच्या सांगाड्याचे गवत कापायचे ट्रॅक्टर वेगळे आणि हे वेगळे. जुन्या गार्डन ट्रॅक्टरला जाड पोलादी चासी, ओतीव लोखंडाचा गिअरबॉक्स आणि मागे-पुढे अवजारे जोडायची सोय असे. नांगर ओढायचा म्हणून ते तसे घडवले होते. त्यामुळे सांगाडा आणि गिअरबॉक्स सहसा टिकून राहतात. खराब होतात ते बदलता येणारे भाग.

पुढे कंपन्यांचे हात बदलले. व्हील हॉर्स १९७४ साली अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८६ साली टोरोकडे गेली. कब कॅडेटचा धंदा १९८१ साली एमटीडीने घेतला. सिम्प्लिसिटी २००४ साली ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या ताब्यात आली. मालक बदलले, रंग बदलले, पण सुट्या भागांच्या याद्या नव्या मालकांकडे आल्या. जुन्या कब कॅडेटचे काही भाग आजही नंबराआधी 'आयएच' ही अक्षरे लावून विकले जातात. मूळ कंपनीची ओळख त्या दोन अक्षरांत राहिली आहे.

इंजिनावरची पाटी

कामाला सुरुवात पान्याने करायची नाही, कापड आणि रॉकेलने करायची. इंजिनाच्या पंख्याच्या आवरणावरची चिखल-तेलाची पुटे पुसून काढली की धातूची किंवा कागदी पाटी सापडते. या ट्रॅक्टरांपैकी फार मोठ्या संख्येवर एकाच कंपनीचे इंजिन आहे, ते म्हणजे कोहलर. आपल्याकडे हे नाव नळ आणि वॉशबेसिनवर दिसते. तीच ही कंपनी. १८७३ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेल्या या घराण्याचा ओतीव लोखंडात हातखंडा होता, आणि त्यांच्या 'के' मालिकेच्या इंजिनांचा ब्लॉकही ओतीव लोखंडाचाच.

त्या पाटीवर तीन गोष्टी असतात: मॉडेल, स्पेसिफिकेशन आणि सीरियल नंबर. मॉडेलचा नंबरच बरेच काही सांगतो. के-३०१ मधले पहिले दोन आकडे इंजिनाचा आकार घन इंचांत सुमाराने दाखवतात आणि शेवटचा १ म्हणजे एक सिलिंडर. म्हणजे साधारण तीस घन इंचांचे, एका सिलिंडरचे, १२ अश्वशक्तीचे इंजिन. के-१८१ आठ अश्वशक्तीचे, के-२४१ दहाचे, के-३२१ चौदाचे, के-३४१ सोळाचे. के-४८२ च्या शेवटी २ आहे, कारण त्याला दोन सिलिंडर. मॉडेलच्या मागे 'एस' असेल तर बॅटरीवर चालणारा स्टार्टर, 'टी' असेल तर दोरी ओढून सुरू करायचे.

स्पेसिफिकेशन नंबर मात्र सगळ्यांत महत्त्वाचा. तेच के-३०१ इंजिन एका कंपनीला एका लांबीच्या शाफ्टसह आणि दुसरीला वेगळ्या तेलाच्या तळपात्रासह दिलेले असे. नुसते 'के-३०१ चा भाग द्या' म्हटले तर दुकानदार चुकीचा भाग देईल आणि त्यात त्याचा दोष नसेल. कोहलरच्या सुट्या भागांच्या नंबरालाही एक शिस्त आहे. पहिले दोन आकडे इंजिनाचे कूळ सांगतात, मधले तीन भागाचा प्रकार आणि शेवटचे दोन त्याची आवृत्ती. मधे ०८३ असेल तर तो एअर फिल्टर, ०५० असेल तर ऑइल फिल्टर. ही शिस्त कळली की दुकानाच्या कपाटात पडलेल्या मळक्या डब्यावरूनही आतला माल ओळखता येतो.

एकच इंजिन अनेक कंपन्यांच्या ट्रॅक्टरांत असल्याने फायदा असा, की कब कॅडेटच्या मालकाला लागणारे पिस्टन भंगारातल्या जॉन डीअर किंवा व्हील हॉर्समध्येही सापडू शकते. आणि ग्राहक इतके असल्यामुळे दुसऱ्या कारखान्यांनाही ते भाग बनवणे आजवर परवडत आले आहे.

आग, पेट्रोल आणि दाब

बंद पडलेल्या पेट्रोल इंजिनाला तीनच प्रश्न विचारायचे: प्लगला आग येते का, कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचते का, सिलिंडर दाब धरतो का. निम्म्याहून अधिक वेळा उत्तर पहिल्या दोन प्रश्नांतच मिळते.

आग येत नसेल तर पॉइंट बघायचे. राजदूत किंवा लूना चालवलेल्या पिढीला हा शब्द नवा नाही. 'के' मालिकेत पॉइंट इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, एका लहानशा झाकणाखाली असतात. कॅमशाफ्ट फिरताना एक बारीक दांडी पुढे ढकलली जाते आणि ती पॉइंट उघडते. त्या क्षणी कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. पॉइंट काळवंडले असतील तर साफ करायचे, खड्डे पडले असतील तर बदलायचे. मग इंजिन हाताने फिरवून पॉइंट जास्तीत जास्त उघडतील तिथे थांबायचे आणि मधली फट ०.०२० इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास ठेवायची. फिलर गेजची पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. ती सैल जाऊ नये आणि अडकूही नये.

ही झाली सुरुवात. अचूक टायमिंगसाठी फ्लायव्हीलवरच्या खुणा बघाव्या लागतात. आवरणात एक छोटे भोक असते. त्यातून फ्लायव्हीलवर कोरलेले 'टी' आणि 'एस' दिसतात. 'टी' म्हणजे पिस्टन अगदी वर, 'एस' म्हणजे ठिणगी पडायची जागा, वर पोचण्याच्या २० अंश आधी. 'एस' भोकाच्या मध्यावर आला की नेमके त्याच वेळी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. फट वाढवली तर ठिणगी लवकर पडते, कमी केली तर उशिरा. इंजिन सुरू करताना उलटा झटका देत असेल तर बहुधा ठिणगी फार लवकर पडते आहे.

पॉइंट वारंवार जळत असतील तर दोष कंडेन्सरचा समजावा. पॉइंट उघडताना तिथे जी ठिणगी उडायला बघते, ती शोषून घेणे हे त्याचे काम. कंडेन्सर स्वस्त असतो, म्हणून पॉइंट बदलताना तोही बदलण्याचा रिवाज आहे.

पेट्रोलच्या बाजूने मुख्य शत्रू आहे पडून राहिलेले पेट्रोल. ते सुकून कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो. शिवाय अमेरिकेत पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल सर्रास असते आणि आपल्याकडे ते २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. म्हणून जुन्या यंत्राची पेट्रोलची नळी बदलून आजच्या पेट्रोलला टिकणारी घ्यावी, आणि यंत्र काही महिने उभे करायचे असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करावा.

दाब तपासताना मात्र 'के' मालिका अनेकांना चकवते. दाबमापक लावून स्टार्टर मारला की काटा फारसा वर चढत नाही आणि माणूस रिंगा गेल्या असे समजून इंजिन खोलायला घेतो. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर एक वजनी यंत्रणा असते. सुरू करणे सोपे जावे म्हणून ती कमी वेगात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब सोडून देते. वेग वाढला की ती आपोआप बाजूला होते. इंजिन उलट्या दिशेने फिरवून पाहिले की खरा दाब हाताला जाणवतो. गॅरेजमध्ये सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजायचे यंत्र असेल तर ते उत्तम.

माप घ्या, मग मागा

दाब खरोखरच नसेल, इंजिन धूर टाकत असेल, तर हेड उतरवावे लागते. इथेही मापच बोलते. कोहलरने पिस्टन मूळ मापाखेरीज ०.०१०, ०.०२० आणि ०.०३० इंच मोठे असे पुरवले. सिलिंडर झिजला असेल तर लेथवाल्याकडून बोअर करून पुढच्या मापाचे पिस्टन बसवता येते. एकच ब्लॉक असा तीन वेळा नवा होतो. कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असून क्रँकवर थेट फिरतो, मधे वेगळी बेअरिंग नसते. म्हणून क्रँक झिजला तर तो ०.०१० इंच घासून त्याच मापाने लहान भोकाचा रॉड घ्यायचा.

त्या रॉडबद्दल एक गोष्ट प्रत्येक मालकाने पक्की ध्यानात ठेवावी. या मालिकेतल्या एका सिलिंडरच्या इंजिनांत ऑइल पंप नसतो. रॉडच्या खालच्या टोकाला असलेली जीभ तेलात बुडून शिंतोडे उडवते आणि त्यावर सगळे इंजिन वंगण घेते. तेलाची पातळी खाली गेली की जीभ तेलापर्यंत पोचत नाही, रॉड क्रँकला धरतो, तुटतो आणि अनेकदा ओतीव ब्लॉक फोडून बाहेर येतो. बाकी सगळे दुरुस्त होते, फुटलेला ब्लॉक क्वचितच. दर वापराआधी तेलकांडी बघणे ही या ट्रॅक्टरवरची सगळ्यांत मोठी दुरुस्ती आहे.

इंजिनाबाहेरचे निम्मे भाग तर ट्रॅक्टर कंपनीचे नसतातच. गवत कापायच्या पात्यांच्या शाफ्टवर बसणारी बेअरिंग काढून तिच्या कडेवरची धूळ पुसा. '६२०५' असा आकडा दिसला तर ती जगभर एकाच मापाची बेअरिंग आहे: आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचे माप निघते, हा हिशेब ०४ पासून पुढे बरोबर लागतो. मागे '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबरी झाकण, 'झेडझेड' असेल तर पत्र्याचे. हाच आकडा घेऊन लुइव्हिलच्या किंवा लातूरच्या बेअरिंगच्या दुकानात जा, तोच माल मिळेल. ट्रॅक्टर कंपनीच्या डब्यातली हीच बेअरिंग पुष्कळदा बरीच महाग पडते.

ऑइल सीलवरही माप छापलेले असते. पुसले गेले असेल तर शाफ्टची जाडी, बसण्याच्या खाचेचा व्यास आणि रुंदी व्हर्नियरने घ्यावी. बेल्टच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. त्यावरचा '४एल५००' हा नंबर अर्धा इंच रुंदी आणि ५० इंच बाहेरची लांबी सांगतो. पण जिथे बेल्ट सैल-घट्ट करून क्लचचे काम होते, तिथे साधा बेल्ट थोड्याच दिवसांत जळतो. तिथे आत मजबूत धाग्यांचा आणि वरून कापड गुंडाळलेला, त्याच कामासाठीचा बेल्टच घ्यावा.

जे नंबरावर मिळत नाही

काही भागांचा नंबर माहीत असूनही माल मिळत नाही: बोनेटचा पत्रा, गिअरबॉक्समधला एखादा गिअर, स्टिअरिंगचे चाक. इथे तीन वाटा उरतात. पहिली, दुसरा बंद ट्रॅक्टर घेऊन त्याचे भाग काढणे. दुसरी, जत्रा. इंडियाना राज्यातल्या पोर्टलंड गावी दर उन्हाळ्याच्या अखेरीस जुन्या इंजिनांचा आणि ट्रॅक्टरांचा मोठा मेळा भरतो. तिथे मैदानभर ताडपत्र्यांवर सुटे भाग मांडलेले असतात आणि घेणारा आपला तुटका भाग हातात धरून फिरतो. तिसरी वाट लेथवाल्याची. कब कॅडेटमध्ये इंजिनापासून मागे जाणाऱ्या शाफ्टच्या पिना सैल होऊन भोके लांबट होतात आणि खडखडाट सुरू होतो. भोक भरून पुन्हा नेमक्या मापाने पाडले की तो शाफ्ट आणखी वीस वर्षे जातो.

गंजलेला भाग टाकण्याआधी एक उपाय करून बघावा. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घ्यावा. बॅटरी चार्जरची ऋण तार आपल्या भागाला आणि धन तार एखाद्या निरुपयोगी लोखंडी पट्टीला जोडावी. रात्रभरात गंज सुटून मूळ धातू उघडा पडतो आणि चांगले लोखंड झिजत नाही. हे काम उघड्यावरच करावे, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही वापरू नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते.

आणखी दोन खबरदाऱ्या. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती कोरडी खरवडू नये, ओली करून काढावी. आणि इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर कधीही बांधून ठेवू नये. ही इंजिने मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० फेऱ्यांसाठी बनवलेली आहेत. त्यापलीकडे रॉड आणि फ्लायव्हील दोन्ही जिवावर बेततात.

दुरुस्तीचा हक्क

साठ वर्षांपूर्वीच्या या यंत्रांसोबत मालकाला एक पुस्तिका मिळे. तिच्यात फट किती, तेल कोणते, भाग कोणता, हे सगळे छापलेले असे. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरांत संगणक आहे, आणि त्यातला दोष वाचायचे सॉफ्टवेअर बरेचदा फक्त कंपनीच्या माणसाकडे असते. याच भांडणातून अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्याला स्वतःची शेतीयंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. भारत सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. यंत्र किती वर्षे जगेल हे लोखंडाच्या जाडीपेक्षा त्याची माहिती किती उघडी आहे यावर ठरते. के-३०१ मधला रॉड ॲल्युमिनियमचा, तेलाची सोय शिंतोड्यांची. त्याहून चांगली इंजिने त्या काळीही होती. पण त्याचे प्रत्येक माप कुणालाही कळू शकते, म्हणून ते आजही धडधडते आहे.

तुमच्या गोठ्याशेजारी जुना बी-२७५, एखादा पॉवर टिलर, फवारणी पंप किंवा ऑइल इंजिन पडून असेल, तर या आठवड्यात एवढे करा. त्याची पाटी पुसा आणि फोटो काढून ठेवा. पुढे रंग द्याल तेव्हा ती पाटी झाकून द्या. बदललेल्या प्रत्येक बेअरिंगचा, सीलचा, बेल्टचा नंबर एका वहीत लिहा. मूळ पुस्तिका सापडली तर तिचे सगळे फोटो काढा आणि गावातल्या मिस्त्रीलाही द्या. नवा भाग बसून यंत्र नीट चालेपर्यंत जुना भाग फेकू नका, कारण माप घ्यायला तोच उपयोगी पडतो. आणि नवे यंत्र घेताना किमतीआधी विक्रेत्याला विचारा: सुट्या भागांची यादी आणि दुरुस्तीची पुस्तिका मिळेल का? उत्तर 'नाही' आले, तर दुसऱ्या दुकानात चौकशी करा.